तेल महाग, तेलबिया स्वस्त: सोनाळ्याच्या वावरातून एक हिशेब

आजचा विषय आहे तेलबिया आणि खाद्यतेल: त्यांचा पुरवठा आणि ही शेती पुढे टिकेल का, हा प्रश्न. विषय देशाचा आहे, पण आपण तो इथूनच, सोनाळ्याच्या शिवारातून समजून घेणार आहोत. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरवा अभयारण्य, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत जाणारी काळी जमीन आणि मधे पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, संत्रा. तेलाच्या प्रश्नाच्या बहुतेक सगळ्या गाठी एवढ्या पट्ट्यात सापडतात.

आधी कोडं मांडतो. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. गेली काही वर्षं ही आयात १५० ते १६५ लाख टनांच्या दरम्यान आहे आणि तिच्यावर वर्षाला दीड लाख कोटी रुपयांच्या आसपास खर्च होतो. ज्या वस्तूची इतकी टंचाई आहे, ती पिकवणाऱ्याला चांगला भाव मिळायला पाहिजे, असं कोणीही म्हणेल. पण २०२४ च्या दिवाळीत काय झालं? सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात माल जात होता चार हजाराच्या आसपास. त्याच महिन्यांत दुकानातलं तेल मात्र महागलं होतं. म्हणजे तेल घेणाराही हैराण आणि तेलबी विकणाराही हैराण. असं का होतं, हे आज उलगडून बघू.

घटातली धान्यं आणि वावरातली पिकं

आपल्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी दरवर्षी अक्षय्य तृतीयेला होते. तिचं भाकीत खरं ठरतं की नाही, हा वाद आज बाजूला ठेवू. आमचं लक्ष वेधून घेते ती घटात मांडायच्या अठरा धान्यांची यादी. त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद आहेत, तसेच तीळ, जवस, करडी आणि सरकीही आहे. सोयाबीन त्या यादीत नाही. ही यादी म्हणजे या भागातल्या जुन्या पीकपद्धतीची जपून ठेवलेली नोंदच आहे.

आता तीच यादी घेऊन वावरात चला. सरकी सापडेल, कारण कापूस आहे. तीळ एखाद्या धुऱ्याकडेला. जवस आणि करडी शोधावी लागेल. आणि जे पीक यादीत नाही, त्यानं जिल्ह्याच्या खरिपाचा निम्म्याहून मोठा हिस्सा व्यापलाय.

करडीचंच बघा. एकेकाळी एकट्या महाराष्ट्रात तिचा पेरा लाखो हेक्टरांवर होता. आज सगळ्या देशाचा मिळून एक लाख हेक्टरांच्या आत-बाहेर आहे. सूर्यफूल १९९० च्या दशकात देशात २० लाख हेक्टरांच्या वर गेलं होतं. आता त्याचा दहावा हिस्साही नीट उरलेला नाही. पाखरांचा त्रास, १९९७ नंतर आलेला नेक्रोसिस नावाचा विषाणूरोग आणि बाहेरून येणारं स्वस्त तेल, या तिन्हींनी मिळून ते पीक मागे ढकललं.

जुनी पिकं गेली ती शेतकऱ्याला नकोशी झाली म्हणून नाही. करडी काटेरी, कापणीला मजूर तयार होत नाही. तिळाची बोंडं वाळली की उकलतात. दोन दिवस उशीर झाला तर तीळ जमिनीवर. भुईमूग जंगलालगत पेरला तर रानडुक्कर आधी काढणी करतं. आणि यांतलं काहीही घेऊन बाजारात गेलं, तर घेणारे व्यापारी मोजके. सोयाबीनचं मात्र तसं नव्हतं. शंभर दिवसांत मोकळं होणारं, यंत्रानं मळता येणारं, कुठल्याही बाजार समितीत त्याच दिवशी विकलं जाणारं आणि मागून हरभऱ्याला रान रिकामं करून देणारं पीक. शेतकऱ्यानं ते निवडलं यात चूक काहीच नाही. अडचण पुढे आहे.

सोयाबीन हे खरं तर ढेपेचं पीक

सोयाबीन आपण तेलबियांत मोजतो. पण शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो. उरलेली ऐंशी-एक किलो असते ढेप, जिला कारखान्याच्या भाषेत डीओसी म्हणतात. ती जाते कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात. तुलनेला बघा: तिळात आणि भुईमुगाच्या दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं, जवसात ३५ ते ४०, करडीत ३० च्या आसपास. म्हणजे सोयाबीनच्या भावाची दोरी तेलापेक्षा ढेपेच्या हातात जास्त असते.

हे आकड्यांत मांडू. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरतो. तेलाचा घाऊक भाव १२० रुपये किलो धरला, तर क्विंटलमधल्या १८ किलो तेलाचे झाले २,१६० रुपये. ढेप ३० रुपये किलो धरली, तर ८० किलोचे झाले २,४००. दोन्ही मिळून ४,५६०. यातून कारखान्याचा खर्च, वाहतूक, नफा वजा करा. जे उरेल तेवढाच भाव व्यापारी देऊ शकतो. आता समजा, सरकारनं तेलावर आयात शुल्क वाढवलं आणि तेल किलोमागे २० रुपयांनी चढलं. क्विंटलमागे वाढले ३६० रुपये. पण त्याच वेळी ढेप किलोमागे फक्त ५ रुपयांनी उतरली, तर ४०० रुपये गेले. वाढ सगळी खाऊन वर चाळीस रुपयांचा घाटा.

२०२४ मध्ये नेमकं याच धर्तीवर घडलं. सप्टेंबरच्या मध्याला केंद्र सरकारनं कच्च्या तेलावरचं शुल्क एकदम वर नेलं; सगळे अधिभार धरून ते २७.५ टक्के झालं. दुकानात तेल लगेच महागलं. सोयाबीन मात्र हललं नाही, कारण जगभर सोयाबीन मुबलक होतं, ढेपेला उठाव नव्हता. त्यात एक नवा स्पर्धक आला होता. मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना मागे उरणारा प्रथिनयुक्त चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात ढेपेपेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाचा धक्का सोनाळ्याच्या सोयाबीनला बसला. वरवर बघता या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

याची उलट बाजूही आठवून बघा. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं होतं. ढेप महागली म्हणून गेलं. मग त्या ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन जीएम सोयाढेप आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येता येता भाव खाली आले. चढताना ढेप, उतरताना ढेप.

आणखी एक गोष्ट. सोयाबीनचं तेल गावच्या घाण्यावर धड निघत नाही. तेलाचं प्रमाण कमी, म्हणून त्याला सॉल्व्हंट प्लांट लागतो: हेक्झेन नावाच्या द्रावकात तेल विरघळवून काढायचं, मग ते रिफाइंड करायचं. त्यामुळे सोयाबीन पिकवणारा शेतकरी स्वतःच्या वावरातलं तेल स्वतःच्या फोडणीत वापरू शकत नाही. तो बी विकतो आणि पुडा विकत घेतो. तीळ, करडी, जवस, भुईमूग पिकवणाऱ्याला हा पर्याय होता. भाव पडला तर घाण्यावर न्या, तेल घरी ठेवा, ढेप जनावरांना घाला. जवसाची चटणी, भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल, हे आपल्याकडचं जेवण त्याच व्यवस्थेतून आलेलं होतं. ती मोडली तेव्हा बाजाराला ‘नको’ म्हणण्याची शेतकऱ्याची थोडीफार ताकदही गेली.

दार मिटलं, दार उघडलं

आता धोरणाकडे येऊ. हा इतिहास समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१९८६ मध्ये केंद्र सरकारनं तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. चांगलं बियाणं, खरेदीची हमी, प्रक्रिया आणि आयातीवर कडक नियंत्रण, अशी चार कामं एकत्र बांधली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं ‘धारा’ तेल त्याच काळात बाजारात उतरलं. परिणाम दिसला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशाची गरज जवळपास देशातच भागू लागली. आयात एक-दोन लाख टनांपर्यंत खाली आली होती. म्हणजे हे अशक्य नाही, एकदा करून दाखवलेलं आहे.

मग १९९४ पासून पामोलिन खुल्या आयातीखाली आलं. आयात शुल्क आधी ६५ टक्के होतं, ते १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर उतरलं. इंडोनेशिया आणि मलेशियात पामचं झाड हेक्टरी तीन-चार टन तेल देतं. त्याच्यापुढे आपली कोरडवाहू तेलबी कशी टिकणार? दार उघडलं आणि पुढच्या दहा वर्षांत देशाच्या ताटातलं तेल बदललं. आज आयातीपैकी निम्म्याच्या आसपास पामतेल असतं. सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडचं.

यात दोष फक्त आयातीचा नाही, धरसोडीचाही आहे. तेल महागलं, सण किंवा निवडणूक जवळ आली की शुल्क कमी. तेलबियांचे भाव पडून ओरड झाली की शुल्क जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवलेलं शुल्क मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावर पुन्हा उतरवलं गेलं. एकूण आकारणी २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आली. तीही नेमकी खरिपाच्या तोंडावर. शेतकरी जूनमध्ये पेरतो, ऑक्टोबरमध्ये विकतो. मधल्या चार महिन्यांत दिल्लीत काय ठरेल, याचा अंदाज भेंडवळच्या घटालाही बांधता येत नाही.

दुसऱ्या बाजूनं, बाहेरच्या तेलावर विसंबणं किती जोखमीचं आहे तेही आपण पाहिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेलाचा पुरवठा अडला. पाठोपाठ एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियानं स्वतःच्या देशात तेल महागलं म्हणून पामतेलाची निर्यात थांबवली. बंदी जेमतेम तीन-साडेतीन आठवडे टिकली, पण तेवढ्यानं आपल्या किराणा दुकानातला भाव हलला.

सरकारनं यावर दोन मोठी अभियानं आणली. २०२१ मध्ये पामतेलाचं, ११,०४० कोटींचं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांचं, १०,१०३ कोटींचं. तेलबियांचं उत्पादन ३९० लाख टनांवरून २०३०-३१ पर्यंत जवळपास ७०० लाख टनांवर न्यायचं, असं दुसऱ्याचं उद्दिष्ट आहे. पामचा आपल्याला थेट उपयोग नाही. त्या झाडाला वर्षभर ओल आणि उन्हाळ्यात रोज शेकडो लिटर पाणी लागतं. आपला प्रश्न कोरडवाहू जमिनीवरच सोडवावा लागेल.

एकाच पिकावर सगळा भार

पुरवठ्याबरोबर शाश्वततेचाही प्रश्न आहे. शाश्वतता म्हणजे सोप्या भाषेत, हीच जमीन आपल्या नातवालाही हेच उत्पन्न देईल का?

सलग पंधरा-वीस वर्षं त्याच वावरात सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा केलं की काही गोष्टी हळूहळू घडतात. खोडमाशी, चक्रीभुंगा, मूळकूज यांना दरवर्षी आयतं घर मिळतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विदर्भात पिवळा मोझॅक आला आणि हिरवी वावरं आठवडाभरात पिवळी पडली. ज्वारी गेल्यामुळे कडबा गेला, कडबा गेल्यामुळे जनावरं कमी झाली, जनावरं कमी झाल्यामुळे शेणखत गेलं. सेंद्रिय कर्ब घटला की काळी जमीन घट्ट होते. पाऊस आला की पाणी मुरत नाही, उघडला की लगेच भेगा पडतात.

पाऊसही आता सरळ राहिलेला नाही. २२ जुलै २०२३ ला आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली, तिनं नाल्याकाठच्या जमिनी खरडून नेल्या. पीक गेलं तर पुढच्या वर्षी येतं. माती गेली तर ती पिढीच्या हिशेबात परत येत नाही. सोयाबीन उथळ मुळांचं पीक. ते माती धरूनही फार ठेवत नाही आणि ऑगस्टमधला वीस दिवसांचा खंडही सोसत नाही.

आणि उत्पादन? देशाची सोयाबीनची सरासरी हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास अडकलेली आहे. ब्राझील-अमेरिकेत ती तिप्पट. त्यांची जमीन, हंगामाची लांबी, वाण सगळं वेगळं आहे, हे खरं. पण बाजारात आपला माल त्यांच्याच मालाशी भावानं भांडतो, हेही खरंच.

एका गावाचा हिशेब

आता एक हिशेब करू, सगळ्यांना घरी करता येईल असा. समजा, हजार उंबऱ्यांचं एक गाव आहे, घरटी पाच माणसं. नीति आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला दरडोई वापर वर्षाला १९.७ किलो दिलाय. आपण २० धरू. म्हणजे गावाला वर्षाला लागलं एक लाख किलो, अर्थात १०० टन तेल. हे तेल गावातच काढायचं ठरवलं तर? करडी हेक्टरी आठ क्विंटल धरा. घाण्यावर शंभराला पंचवीस किलो तेल धरा. हेक्टरी मिळालं २०० किलो. म्हणजे ५०० हेक्टर करडी लागेल.

आता दुसरा आकडा. आहारशास्त्राच्या शिफारशीप्रमाणे माणसाला वर्षाला १२ किलो तेल पुरतं. गाव त्या पातळीवर आलं, तर गरज होते ६० टन आणि जमीन लागते ३०० हेक्टर. केवळ खाण्यातलं जास्तीचं तेल कमी केलं की २०० हेक्टरांचा प्रश्न सुटला. एकही बी न पेरता! तेलाचा पुरवठा वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय कढईत आहे. रक्तदाब आणि हृदयविकार कमी होतील, तो फायदा वेगळाच.

घरापुरतं बघायचं तर एक एकर करडी म्हणजे तीन-सव्वातीन क्विंटल, घाण्यावर ७५ ते ८० किलो तेल. बेतानं वापरणाऱ्या पाच माणसांच्या घराचं वर्षाचं तेल आणि जनावरांना ढेप. सगळं रान बदला, असं आम्ही म्हणत नाही. एक एकर म्हणतोय.

इथे काय जमण्यासारखं आहे

*पहिलं, रब्बीत करडी.* इथून पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून साडेचार लाख हेक्टरांहून मोठा पट्टा. भूगर्भातलं पाणी खारं, ओलिताला चालत नाही. तिथे करडी शोभते, कारण तिचं सोटमूळ खोल जाऊन मुरलेली ओल उचलतं आणि ती थोडा क्षारही सोसते. पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत साधावी लागते. उशीर झाला की मावा पडतो. जंगलालगतच्या वावरात काटेरी वाणच बरा, कारण रोही आणि हरणं त्यात तोंड घालत नाहीत. पूर्वी ज्वारी-गव्हाच्या भोवती करडीचे तास पेरायचे ते त्यासाठीच. मोकळ्या शिवारात मात्र बिनकाट्याचे वाण बघा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ते विकसित केले आहेत. आता मराठवाड्यात हार्वेस्टरनं करडी काढतात, त्यामुळे मजुराची जुनी अडचणही थोडी सैल झालीय.

*दुसरं, उन्हाळी तीळ.* ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा कालव्याचं पाणी आहे त्यांच्यासाठी. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरा, साधारण नव्वद दिवसांत काढणी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा एकेटी-१०१ हा वाण उन्हाळ्यासाठी आहे. २०२५-२६ चा तिळाचा हमीभाव होता ९,८४६ रुपये, सोयाबीनचा ५,३२८. पाणी भुईमुगापेक्षा कमी लागतं. खालची बोंडं पिवळी पडली की लगेच कापा आणि पेंढ्या उभ्या ठेवून ताडपत्रीवर झटका.

*तिसरं, सोयाबीन ठेवा, पण एकटं ठेवू नका.* तुरीचं आंतरपीक घ्या, चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर. रुंद वरंबा-सरीवर पेरा. जास्त पावसात सरीतून पाणी निघून जातं, खंडात ओल टिकते. बियाणं घरचं वापरा. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, दरवर्षी पिशवी विकत घ्यायची गरज नाही. पण उगवण तपासा: शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, आठवड्यानं मोजा, सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. २०२० च्या खरिपात राज्यभर बियाणं न उगवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, तेव्हा या एका पोत्यानं अनेकांची दुबार पेरणी वाचली असती.

*चौथं, विकण्याचं.* काढणीनंतरच्या पहिल्या महिन्यातच सगळा माल बाजारात येतो आणि भाव पडतो. बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण योजना आहे: माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज उचलायचं, भाव बघून विकायचं. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर आणखी सोपं. आणि हमीभाव केंद्रावर जाणार असाल तर ओलावा आधी मोजून जा. नेहमीची अट १२ टक्क्यांची. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती १५ पर्यंत शिथिल केली होती. पण ती सवलत दरवेळी मिळेल असं धरून चालू नये.

यातला कुठलाही उपाय एकटा देशाची आयात थांबवणार नाही. पण सगळं एकाच पिकावर आणि एकाच दिवसाच्या भावावर लावलेलं असतं, तो धोका यानं वाटला जातो.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*प्रश्न: सरकारनं हमीभावच वाढवला तर प्रश्न मिटणार नाही का?*

हमीभाव जाहीर होणं आणि तो हातात पडणं, यात अंतर आहे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात अकरा लाख टनांहून अधिक सोयाबीन खरेदी झालं. मोठा आकडा आहे, पण राज्याच्या पिकाचा मोठा भाग तरीही खुल्या बाजारातच विकला गेला. खरेदी नसेल तर हमीभाव कागदावर राहतो. आणि करडी-तिळाची खरेदी केंद्रं जवळपास नसतील, तर त्यांचा हमीभाव कितीही असो, शेतकरी सोयाबीनकडेच वळणार. १९८६ च्या अभियानाचा धडा हाच: बियाणं, खरेदी, प्रक्रिया आणि आयात धोरण, चारही एका वेळी हलवावं लागतं.

*प्रश्न: घाण्याचं तेल एवढं महाग का? गरिबानं ते कसं घ्यायचं?*

हिशेब सांगतो. एक किलो करडी तेलाला चार किलो करडी लागते. बी ६० रुपये किलो धरली तर २४० रुपये. तीन किलो ढेपेचे ७०-७५ रुपये परत आले, तरी १६५ रुपये झाले. वर घाण्याची मजुरी. पामतेल त्याच्यापेक्षा स्वस्तच पडणार. म्हणून ज्यानं विकत घ्यायचंय त्याला ‘घाण्याचंच खा’ असा उपदेश आम्ही करणार नाही. रोजमजुरी करणाऱ्या घराला स्वस्त तेल लागतं, हा त्यांचा हक्क आहे. पण ज्याच्याकडे एक एकर आहे, त्याच्यासाठी हिशेब वेगळा: त्याला मधला व्यापारी, वाहतूक आणि पुड्याचा खर्च वाचतो. त्याच्यासाठी घाणा परवडतो.

*प्रश्न: कापसाचं सरकी तेल आपण धरलंच नाही?*

बरोबर आहे, ते धरायलाच पाहिजे. कापूस हे लपलेलं तेलबी पीक आहे. वेचलेल्या कापसाच्या वजनातला दोन-तृतीयांश हिस्सा सरकीचा असतो. तेल तिच्यात कमी, पण आपल्याकडे कापूस एवढा पिकतो की तेल आणि ढेप दोन्ही मोजण्याइतकं निघतं, आणि सरकीचे भाव चढले की कापसालाही आधार मिळतो. कापूस विकायला जाल तेव्हा रुईच्या भावाबरोबर सरकीचा भावही विचारत जा. व्यापारी तो बघूनच बोली लावतो. आपल्यालाही तो माहीत असावा.

वेळ संपत आलीय. जाता जाता एकच सांगणं: येत्या हंगामाचं नियोजन करताना कागदावर दोन रकाने आखा. एकात ‘विकायचं तेलबी’ आणि दुसऱ्यात ‘खायचं तेलबी’. बहुतेकांचा दुसरा रकाना आज रिकामा आहे. त्यात एक एकर जरी लिहिलं गेलं, तरी आजचं बोलणं कामी आलं असं आम्ही समजू.